कोठीएवढा डबा

तुमसरात अजून दोन-चार म्हातारे आहेत, जे तुळशीरामचं नाव काढलं की अंगावरची खूण दाखवतात. एक कोपर दाखवतो, एक भुवई दाखवतो. ड्रमवाला जगन तर हयात होता तोवर डोकं पुढं करून केस बाजूला सारायचा आणि म्हणायचा, "हे पाहा, इथं." एवढ्यावरून लोकांनी तुळशीरामला गुंड ठरवून टाकलं. खुणा माझ्याही अंगावर आहेत, पण मी त्याला गुंड म्हणू देणार नाही. गुंड माणूस काहीतरी मिळवायला मारतो. तुळशीरामला मारून कधी काही मिळालं नाही. होतं तेच गेलं.

मी सुतार. शाळा चौथीपर्यंत, पुढं रंधा. लिहिण्यात चुका असतील तर असू द्या, पण ज्या डब्याबद्दल सांगणार आहे तो मी माझ्या हातानं केलेला आहे. त्याच्यात कुणी चूक काढून दाखवावी.

तुळशीराम राइस मिलमध्ये हलरवर होता. हलर म्हणजे धान सोलायचं यंत्र. त्याच्याजवळ उभं राहून माणूस माणसाशी बोलू शकत नाही, नुसते हात हलवतो. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो तिथं उभा राहिला. बुटका, रुंद, मान जवळजवळ नाहीच, आणि पापण्यांवर कायम धानाची धूळ. असा माणूस गिटार वाजवेल असं कुणाला वाटलं नसतं. पण चिंतूभाऊ कापडवाल्यानं हौसेनं ऑर्केस्ट्रा काढला. त्यात चार जाड तारांची बास गिटार कलकत्त्याहून आणली, आणि ती कुणाच्याच हाताला येईना. बोटं सोलून निघायची. तुळशीराम एक दिवस पोती टाकायला दुकानात गेला, त्यानं ती उचलली, सगळ्यात जाड तार ओढली आणि म्हणाला, "ही पोटात लागते." तेव्हापासून ती त्याची.

हे त्याचं नेहमीचं बोलणं. चहा चांगला असला तर पोटात लागला. गाणं वाईट असलं तर पोटात नाही लागलं. कुणी भाषण केलं, कुणी शिवी दिली, सगळ्याला माप एकच.

आता खरी गोष्ट सांगतो. त्याला ऐकू कमी येत होतं, आणि वर्षागणिक आणखी कमी होत होतं. बारीक आवाज हलरनं खाल्ले होते. जाड आवाज त्याला पोटातून, पायातून कळायचे, म्हणून बास जमली. हे मला ठाऊक होतं आणि त्याच्या बायकोला, कौसल्यावहिनीला ठाऊक होतं. बाकी कुणाला कळू नये म्हणून तो जीव द्यायला आणि घ्यायला तयार होता. मिलमध्ये तो "ए तुळशा" होता. गिटार गळ्यात घातली की "मास्तर" होता. बहिऱ्याला कोण मास्तर ठेवतो?

मारामाऱ्या इथूनच निघायच्या. कुणी मागून हाक मारली, त्याला ऐकू आली नाही, हाक मारणारा हसला किंवा खांद्याला हात लावला, की तुळशीराम वळायचा तो बुक्की घेऊनच. मार खाल्लेला माणूस मार लक्षात ठेवतो, आपण हाक मारली होती हे विसरतो. तुळशीरामला हे पक्कं कळलेलं होतं.

पहिला डबा मी केला तो चिंतूभाऊच्या मापानं. त्याचं माप सुराचं नव्हतं, यष्टीच्या टपाचं होतं. वळकट्या आणि ढोल यांच्यामधे बसला पाहिजे, बस. दीड फूट उंच, दीड फूट रुंद, आत बारा इंची स्पीकर. मी म्हटलं होतं, "चिंतूभाऊ, एवढ्याशा डब्ब्यात बास कोंडून मरते. नुसता ढप ढप आवाज येईन."

"मिस्तरी, मोठ्या गाडीचं भाडं तुमी देता का?"

मी केला तसा डबा. कारागिरी चोख होती, माप खोटं होतं.

तो घेऊन पार्टी पवनीकडे कोंढ्याच्या मंडईला गेली, मीही सोबत होतो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, सोयरे जमतात, दुपारी दंडार, नाटक, असलं काहीतरी वाजतं. स्पीकर एका खुर्चीवर ठेवला होता, तुळशीराम दुसऱ्या टोकाला. तिसऱ्या गाण्यात त्याचा ताल सुटला. चिंतूभाऊ संथ गाऊन राहिला आणि बास पुढं पळून राहिली. जगन ड्रम वाजवायचा, त्यानं मान वळवून काहीतरी म्हटलं. काय म्हटलं ते तुळशीरामला ऐकू आलं नाही, ओठ तेवढे दिसले. त्यानं गिटार गळ्यातून काढली आणि उलटी धरून फिरवली. खुंट्यांचं टोक जगनच्या टाळूत बसलं. रक्त ड्रमच्या कातड्यावर टपटपलं. पुढं बसलेली बायामाणसं उठली, मागून खुर्च्या आल्या, मग गोटे आले. चिंतूभाऊच्या तोंडावर एक बसला, तो माईक घेऊन पळाला. आम्ही धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, कापलेल्या धानाच्या बुडख्यांतून पळालो. पायांची चाळण झाली. त्याच गावच्या माझ्या साळ्यानं, बायकोच्या भावानं, आम्हाला गोठ्यात कोंडून बाहेरून कडी लावली, म्हणून वाचलो.

दुसऱ्या दिवशी मी रंधा मारत होतो. तुळशीराम आला. एका हातात डबा, दुसऱ्या हातात कुऱ्हाड. डबा माझ्या दारात ठेवला आणि फोडायला लागला. माप खोटं असो, सांधे माझे होते. मला ते पाहवलं नाही. मी ठोकणा उचलून त्याच्या नडगीवर हाणला. तो पडला, पडताना मला घेऊन पडला. आम्ही भुश्श्यात लोळलो. त्याच्या वरच्या दोन दातांखाली माझा कान होता आणि त्याचा अंगठा माझ्या डोळ्यात. शेवटी कान सोडून त्यानं तोंड वर केलं.

"अंगठा काढ बे डोळ्यातून," मी म्हणालो.

"अगोदर मोठा डब्बा देतो म्हन."

"चिंतूभाऊले विचार."

"चिंतूभाऊ वाजवून राहिला का बास? मी वाजवून राहिलो."

"केवढा पायजे?"

"पोटात लागन एवढा."

"हे काय माप झालं?"

"मंग तू कायचा मिस्तरी?"

मी त्याच्या तोंडासमोर होतो, म्हणून त्याला सगळं कळत होतं. आमची सगळ्यात नीट बोलणी अशी जमिनीवर पडूनच झाली.

चिंतूभाऊला त्यानं कसं पटवलं ते मी पाहिलं नाही. पण चिंतूभाऊनं पंधरा इंची स्पीकर मागवला, आणि पुढं महिनाभर तो मानेला रुमाल बांधून दुकानात बसायचा, एवढं सगळ्या बाजारानं पाहिलं.

मग माप ठरवणं सुरू झालं. तुळशीराम स्पीकर काखेत मारून आणि गिटार-अँप्लिफायर पाठीवर टाकून गावभर फिरला. डांबराच्या पिपावर ठेवून पाहिला. पेटाऱ्यावर ठेवून पाहिला. मिलच्या मुनिमाचं कपाट रिकामं करून त्यात ठेवला, तिथं मुनिमाशी जुंपली आणि कपाटाची काच मुनिमाच्या हातात घुसली. एका दुपारी त्यानं मला घरी बोलावलं. जाऊन पाहतो तर घरातली तांदळाची लाकडी कोठी रिकामी. तांदूळ सारवलेल्या जमिनीवर ओतलेला. कोठी उलटी करून तिच्या बुडाला त्यानं करवतीनं भोक पाडलं होतं आणि स्पीकर बसवला होता.

"आयक," म्हणाला, आणि जाड तार ओढली.

मी आयुष्यात खूप आवाज ऐकले. तो आवाज मी तळपायात ऐकला. जमिनीवरचा तांदूळ थरथरला, उकळी फुटल्यासारखा. तेवढ्यात कौसल्यावहिनी दारात आली. तिनं कोठी पाहिली, तांदूळ पाहिला, कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं. तो वळला नाही. डोळे मिटून तार ओढतच राहिला. दुसऱ्यांदा बसलं तेव्हा वळला.

"भाऊजी, तुमी तरी सांगा याले," ती मला म्हणाली. "माह्या आईनं देल्ली होती कोठी. तिच्यात यानं भोंगा घातला."

"तांदूळ गाडग्यात ठेव," तुळशीराम म्हणाला.

"तुले ठेवतो गाडग्यात," ती म्हणाली आणि तिसरं घातलं.

त्यानं बायकोवर कधी हात उचलला नाही असं मी लिहिणार नाही. त्या दिवशीही उचलला. पण त्या घरात मार दोन्हीकडून चालायचा आणि मुसळ तिच्या हातात होतं. दोघं दमले तेव्हा ती तांदूळ भरायला बसली, आणि तो मनगट चोळत मला म्हणाला, "मिस्तरी, माप भेटलं. कोठीएवढा."

मी नाही म्हटलं. कोठीएवढ्या पोकळीत एकटा स्पीकर टिकत नाही. आतल्या हवेनं त्याला मागून थोडं दाबलं पाहिजे, नाहीतर स्पीकरचा कागदी पडदा सैल नाचतो आणि फाटतो. लहान डब्यात हवा फार दाबते, मोठ्यात दाबतच नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ढोलाकडे पाहून समजलं होतं. तुळशीराम ऐकेना. मीही हटेना. आठवडाभर आम्ही एकमेकांना शिव्या दिल्या. शेवटी म्हटलं, वाजव तुझ्या कोठीत, जोरानं वाजव. त्यानं वाजवलं, आणि कागद उभा फाटला. मला इतका आनंद झाला की तो लपवता आला नाही. त्यानं फाटका स्पीकर उपटला आणि मला फेकून मारला. लोहचुंबकाचं वजन खूप असतं. बरगडी अजून थंडीत बोलते.

पण त्यातूनच तोड निघाली. माप कोठीचं, मात्र स्पीकर दोन, चिंतूभाऊच्याच खर्चानं. एकाच्या हिश्श्याला अर्धी कोठी आली, हवा बरोबर दाबायला लागली. चार फूट उंच, अडीच फूट रुंद, दोन फूट खोल. माझंही खरं झालं, त्याचंही.

एक चूक मात्र आमच्या दोघांच्या डोक्यातून निघाली, आणि ती धानाच्या मुलखातच होऊ शकते. मिलच्या मागं तुसाचा ढीग असतो. त्या ढिगामागं गेलं की हलरचा आवाज गप्प होतो, हे तुळशीरामनं पाहिलेलं. म्हणाला, डब्याच्या भिंती वाजतात, आत तूस भर. मी भरला. मोकळाच, अर्ध्यापर्यंत. चिंतूभाऊच्या अंगणात पहिल्यांदा लावला. चिंतूभाऊनं डब्यापुढं उभं राहून तोंड उघडून आलाप घेतला, तुळशीरामनं जाड तार ओढली, आणि डब्याला हवेसाठी ठेवलेल्या भोकातून सगळा तूस चिंतूभाऊच्या घशात गेला. जगन हसून हसून ड्रमवर पडला. तो तिथून उठायच्या आत तुळशीरामनं त्याला ड्रमसकट उचलून विहिरीच्या काठावर आपटलं. विहिरीत नाही टाकलं, हे जगनचं नशीब. मग मी आतून प्लायवूडची दुसरी भिंत केली आणि तूस दोन भिंतींच्या मधे ठासून भरला. त्यानंतर कोणत्याच भिंतीनं तोंडातून शब्द काढला नाही.

डबा उचलायला चार माणसं लागायची. यष्टीनं जाणं सुटलं, मिलचा ट्रक आला. चिंतूभाऊ कुरकुरायचा. पण तुळशीरामनं त्यानंतर ताल सोडला नाही. डब्याला पाठ लावून उभा राहायचा, डोळे मिटून. ढोलाचा ठोका आणि स्वतःची तार, दोन्ही त्याला पाठीतून आणि पायातून मिळायचं. डब्याला दुसऱ्या कुणी हात लावला तर हात मोडायचा. मोडलेही. अशी काही वर्षं चांगली गेली. लोक लांबून यायचे आणि विचारायचे, तो छाती हलवणारा डब्बा कोणाचा? तुळशीराम म्हणायचा, माझा. मी म्हणायचो, माझा.

मग बपेऱ्याची मंडई आली. बपेरा अगदी हद्दीवर, नदीपलीकडे मध्य प्रदेश. गावानं पलीकडची एक पार्टीही बोलावली होती, समोरासमोर दोन मंडप. अशा वेळी गर्दी ज्याच्याकडे वळेल तो जिंकला. आमचा डबा सुरू झाला आणि गर्दी पाटाचं पाणी वळावं तशी इकडे वळली. त्यांच्या गायकाचं तोंड हलत होतं, आवाज कुणाला येत नव्हता. थोड्या वेळानं त्यांची सात-आठ माणसं लाठ्या घेऊन आमच्या मंडपाच्या मागून चढली. वायर तोडायची होती त्यांना.

मी बाजूला उभा होतो. ओरडलो, "तुळशीराम, मांगं पाह्य." जगननं पाहिलं, त्यानं काड्या टाकल्या. चिंतूभाऊ गायचा थांबला, माईकमधूनच ओरडला, "तुळशीराम." सगळा बाजा बंद. समोरचे हजारभर लोक ओरडून राहिले, मांगं, मांगं. आणि तुळशीराम डोळे मिटून एकटाच वाजवत होता; डब्याच्या थरथरीत ड्रम थांबल्याचंही त्याला कळलं नाही. गाणं पुढं पुढं नेत होता. सगळं गाव ते पाहत होतं.

पहिली लाठी डोक्यात बसली तेव्हा त्यानं डोळे उघडले. पुढचं मी नीट सांगतो, कारण लोक वाढवून सांगतात. त्यानं गिटारच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरलं आणि पहिल्याच्या खांद्यावर घातली. हाड तुटल्याचा आवाज मी ऐकला. दुसऱ्याच्या तोंडावर घातली, त्याचे दात डब्याच्या जाळीत अडकले, ते नंतर मीच काढले. तिसऱ्याच्या वेळी गिटारचा दांडा तुटला. मग तुटका दांडा आणि लोंबत्या तारा घेऊन मारत राहिला. तारेनं एकाचा गाल ओठापर्यंत उघडला. माझ्याही हातात बांबू आला होता, मी तो वापरला, त्याची मला लाज नाही. डोक्याचं रक्त डोळ्यात गेल्यामुळे तुळशीरामला आपला कोण, परका कोण हे दिसेना, आणि त्यानं चिंतूभाऊलाच गळ्याला धरलं. चौघांनी सोडवला. गावच्या पाटलानं आमचा ट्रक शेतातून काढून दिला.

ट्रकमध्ये चिंतूभाऊ तुळशीरामच्या मागं बसला होता. त्यानं हळूच हाक मारली, "तुळशीराम." मग मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. तुळशीराम डोक्याला फडकं धरून रस्ता पाहत राहिला. चिंतूभाऊनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही.

जखमा भरल्यावर ते सगळे माझ्या दुकानात आले. डब्याची जाळी मी नवी केली होती. चिंतूभाऊ दुसरी गिटार घेऊन आला होता, सोबत लांब वायर. म्हणाला, "तुळशीराम, तू तिकडे आंब्याखाली उभा राह्य. तिथून वाजव."

तुळशीराम समजला. मीही समजलो. म्हटलं, "बासवाल्याले डब्ब्यापासून दूर कायले करता?"

"मिस्तरी, तुमी लाकडाचं पाहा," चिंतूभाऊ म्हणाला. आवाजात राग नव्हता. "त्या दिवशी लाठी होती. उद्या कुऱ्हाड राहीन. याचं मरन माह्या माथ्यावर नोको."

तुळशीराम आंब्याखाली गेला. वाजवायला लागला. चिंतूभाऊ त्याच्याकडे पाठ करून गायला लागला, म्हणजे ओठ दिसू नयेत. तरी तुळशीराम चुकला नाही. तो जगनचे हात पाहत होता, काडी पडली की तार. मला वाटलं, जिंकला. मग चिंतूभाऊनं जगनला खूण केली आणि जगनही ड्रम फिरवून पाठमोरा बसला.

थोडा वेळ ताल मिळाला. मग सुटला. इकडे गाणं दुसऱ्या कडव्यावर, तिकडे तो पहिल्याच ओळीवर, आणि तोंडावर तो नेहमीचा ताठा. त्याला कळलंच नव्हतं. जगन वाजवायचा थांबला, चिंतूभाऊ थांबला, तो वाजवतच होता. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडावरून त्याला कळलं.

तो चालत आला. जगननं दोन्ही हात डोक्यावर धरले. चिंतूभाऊ डब्यामागं सरकला. तुळशीरामनं गिटार डब्यावर आडवी ठेवली, पट्टा नीट गुंडाळला. कुणाला हात लावला नाही.

"दुसरा पाहून घ्या," म्हणाला. "डब्बा कापू नोका. बास याच्यातच राहते."

ते डबा ट्रकवर चढवून निघून गेले. आम्ही दोघंच राहिलो. तुळशीरामनं माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे भरले होते का नव्हते, मला माहीत नाही. मी रडणारा माणूस नाही.

"काय पाहून राहिला बे?" म्हणाला, आणि माझ्या थोबाडीत मारली. कानात शिट्टी वाजली.

मी गप्प बसलो असतो तर त्याला वाटलं असतं की मला त्याची कीव आली. म्हणून मी होती नव्हती तेवढी ताकद लावून त्याच्या जबड्यावर बुक्की मारली. तो भुश्श्यात बसला. मग तोंडातलं रक्त थुंकला, दात चाचपले, उठला आणि माझ्या खांद्यावरचा भुस्सा झटकला.

"मिलच्या पाळीची वेळ झाली," म्हणाला.

मी दारात उभा राहून पाहत होतो. मिलच्या रस्त्याला तो मधोमध चालत होता, हात मागं बांधून. मागून धानाच्या पोत्यांचा ट्रक आला. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला, मग दाबूनच धरला. दुकानांतली माणसं बाहेर आली. तुळशीरामनं पाऊल डावीकडे टाकलं नाही, उजवीकडे टाकलं नाही. शेवटी ट्रकनंच वेग कमी केला, आणि मिलच्या फाटकापर्यंत तो हॉर्न वाजवत त्याच्या मागं मागं गेला.